लुथरन आपत्ती-मदतीचे नवे कम्युनिटी ऑर्गनायझर: न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

पूर ओसरतो, पहिल्या आठवड्याची धावपळ संपते, बातम्यांतून गाव गायब होतं आणि मग कधीतरी एखाद्या शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजते. बाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं कुणीतरी उभं असतं आणि सांगतं, की मी लुथरन डिझास्टर रिस्पॉन्सच्या कामासाठी आलेय, तुमच्या भागाची नवी कम्युनिटी ऑर्गनायझर. आपली मंडळी दार अर्धंच उघडतात, "वी आर फाइन, थँक यू" म्हणून लावून घेतात आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात: हे कोण? धर्मांतरवाले का? फेमाचे, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत खात्याचे का? मी मध्य जर्सीत राहते. मंडळाच्या आणि या चर्चवाल्यांच्या बैठकांत दुभाष्याचं काम आपसूक माझ्याकडे आलंय, त्यामुळे प्रश्न आता पाठ झालेत. उत्तरं एकदाच लिहून टाकते.

लुथरन म्हणजे कोण? कॅथलिक की प्रोटेस्टंट?

प्रोटेस्टंट. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये पोपच्या चर्चविरुद्ध ९५ मुद्दे मांडले, तिथून सुरू झालेली ही परंपरा. भारतात प्रोटेस्टंट मिशनची सुरुवात करणारे झिगेनबाल्ग लुथरनच होते. १७०६ मध्ये ते तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरले. आपल्याला माहीत असतं ते अहमदनगरचं मिशन आणि रेव्हरंड टिळक. ते अमेरिकन मराठी मिशन, त्याचा यांच्याशी संबंध नाही.

अमेरिकेत लुथरनांची दोन मोठी घराणी आहेत. एक इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, म्हणजे ईएलसीए; तीन जुनी चर्च एकत्र येऊन १९८८ मध्ये झालेलं, मुख्यालय शिकागोत. दुसरं मिसुरी सिनड, जास्त कर्मठ, तिथे बायकांना पाद्री होता येत नाही. लुथरन डिझास्टर रिस्पॉन्स हे ईएलसीएचं काम आहे. मिसुरी सिनडचं मदतकार्य वेगळं चालतं, त्यामुळे दारात आलेल्या माणसाला "तुम्ही कुठल्या लुथरनांचे?" हे विचारायला हरकत नाही, त्यांना सवय असते.

चर्च आपत्तीच्या कामात कसं काय? रेड क्रॉस आहे ना?

रेड क्रॉस आहे, साल्व्हेशन आर्मी आहे, आणि यादी बरीच लांब आहे. १९६९ च्या कॅमिल चक्रीवादळानंतर सगळे एकाच गल्लीत ब्लँकेटं वाटतात आणि शेजारच्या गल्लीत कुणीच नसतं, हे लक्षात आलं. त्यातून १९७० मध्ये या स्वयंसेवी संस्थांची एक राष्ट्रीय आघाडी झाली, नॅशनल व्होअ‍ॅड. लुथरन डिझास्टर रिस्पॉन्स तिचं सभासद आहे. आघाडीत कामं वाटून घेतल्यासारखी आहेत. सदर्न बॅप्टिस्टांची फिरती स्वयंपाकघरं, अ‍ॅडव्हेंटिस्टांची गोदामं, मेनोनाइटांचे सुतार, ब्रेदरन चर्चवाल्यांची लहान मुलं सांभाळणारी पथकं. तैवानची बौद्ध संस्था त्झू ची २०१२ च्या सँडी चक्रीवादळानंतर इथे रोख कार्डं वाटत होती. लुथरनांचा हातखंडा आहे तो मागाहूनच्या कामात: केस मॅनेजमेंट, स्वयंसेवकांची राहण्याची सोय, घरांची दुरुस्ती, आणि जिथे कुणीच लोकांना एकत्र आणत नाही तिथे ऑर्गनायझर नेमणं.

शिकागोतून हुकूम सुटतात असं मात्र समजू नका. ईएलसीएचे देशभर ६५ सिनड, म्हणजे प्रादेशिक विभाग आहेत, न्यू जर्सी त्यांतला एक. हातपाय हलवतात ते त्या त्या भागातले सिनड आणि लुथरन समाजसेवा संस्था.

हा ऑर्गनायझर नेमकं करतो काय?

वस्तू किंवा पैसे वाटत नाही, हे आधी लक्षात घ्या. गाडीच्या डिकीत पाण्याच्या बाटल्या नसतात, खिशात गिफ्ट कार्डं नसतात. तो येतो, बसतो, चहा देऊ केलात तर घेतो आणि प्रश्न विचारतो. तासभर. आपल्याला वाटतं, या माणसाला दुसरं काम नाही. हेच त्याचं काम.

मी एका घरी दुभाषी म्हणून बसले होते. काका-काकू मुलाकडे राहायला आलेले, मुलगा-सून ऑफिसला. ऑर्गनायझर मुलगी पंचविशीची. काकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आमचं काही नाही हो, देवाच्या कृपेने सगळं व्यवस्थित आहे. तिला सांग, दुसऱ्या कुणाला गरज असेल त्याला द्या." तिने मान डोलावली आणि विचारलं, पाणी आलं त्या रात्री घरात कोण कोण होतं? यावर काकू सुटल्या. तळघरातलं पाणी उपसणारा सम्प पंप कसा बंद पडला, लाइट कशी गेली, तळघरातलं देवघर उचलून वर आणताना काकांच्या गुडघ्याने कसा दगा दिला, पैठण्यांची बॅग तीन दिवस कशी भिजत पडली. आणि ओघात म्हणाल्या, "ती मागच्या गल्लीतली मुलं पण दिसली नाहीत नंतर. नेपाळी होती वाटतं. चौघं जण तळघरात राहायची, कॉटवर आळीपाळीने झोपायची. मी चकल्या द्यायचे." मुलीने वहीत एवढंच टिपून घेतलं: मागची गल्ली, तळघर, चौघं.

ती चार मुलं कुठल्याच यादीत नव्हती. भाडेकरार नाही, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, म्हणजे आपण तिथे राहत होतो हे फेमाला दाखवायला कागद नाही. घरमालक तोंड उघडणार नाही, कारण तळघर भाड्याने देणंच बेकायदेशीर. अशी माणसं सर्वेक्षणात सापडत नाहीत, चकल्या देणाऱ्या काकूंना माहीत असतात. ऑर्गनायझर काकूंपर्यंत पोचला तर त्यांच्यापर्यंत पोचतो. काकूंनी दार लावून घेतलं, तर नाही.

पुढचा टप्पा म्हणजे अशा दहा-बारा काकू-काकांना, देवळाच्या विश्वस्तांना, मराठी शाळेच्या शिक्षकांना, स्पॅनिश चर्चच्या पाद्र्यांना, फायरहाउसच्या प्रमुखाला एका टेबलाभोवती बसवणं. मग नगरपालिकेच्या सभेत नाल्याचा प्रश्न हे लोक स्वतः मांडतात. ऑर्गनायझर मागच्या रांगेत बसलेला असतो. चांगला असेल तर बोलतसुद्धा नाही.

हे राजकारण नाही का?

थोडं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. लोकांना एकत्र बसवून सत्तेकडे मागणी करायला शिकवणं हा अमेरिकेत जुना धंदा आहे. सॉल अलिन्स्कीने १९३९ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या वस्तीत चर्च आणि कामगार संघटना एकत्र आणून त्याची घडी बसवली. बराक ओबामा १९८५ ते १९८८ शिकागोच्या दक्षिण भागात हीच नोकरी करत होते, तीसुद्धा चर्चच्या जाळ्यातून. ब्रुकलिनच्या पूर्व भागात ऐंशीच्या दशकात चर्चच्या आघाडीने ओसाड जागांवर नेहेमाया नावाची परवडणारी घरं उभी केली, त्यात लुथरन पाद्रीही होते.

पण पक्ष, उमेदवार, मत कुणाला द्यायचं, हे यात बसत नाही. करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने बंदी आहे. कुणी तसं बोलायला लागलं तर सरळ तक्रार करा.

केस मॅनेजर, फेमाचा इन्स्पेक्टर आणि हा, तिघांत फरक काय?

इन्स्पेक्टर घर बघतो, केस मॅनेजर तुमची फाइल बघतो, ऑर्गनायझर गल्ली बघतो. फेमाचा इन्स्पेक्टर सरकारी कामावर असतो, नोंदणी क्रमांक विचारतो, नुकसान टिपून निघून जातो. पैसे मिळणार की नाही हे तो ठरवत नाही. केस मॅनेजर तुमच्या सहीने तुमची कागदपत्रं हाताळतो आणि महिनोन्‌महिने तुमच्यासोबत असतो. ऑर्गनायझरला तुमच्या कागदपत्रांची गरज नसते. तुमचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर तो केस मॅनेजरशी गाठ घालून देतो.

पुराला सहा महिने, वर्ष झालं. आता येऊन काय उपयोग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय.

सँडी आठवा. २९ ऑक्टोबर २०१२, कोजागिरीची रात्र. आटवायला आणलेलं दूध फ्रिजमध्येच नासलं, कारण लाइट गेली ती कित्येकांकडे आठ-दहा दिवसांनी आली. पौर्णिमेची भरती आणि वादळाची लाट एकाच वेळी आली, म्हणून समुद्र एवढा आत घुसला. वादळ ब्रिगँटाइनजवळ किनाऱ्याला लागलं आणि युनियन बीच, कीन्सबर्ग, सेअरव्हिलपर्यंत घरं गेली. आपल्या ओक ट्री रोडचा इझेलिनकडचा भाग ज्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतो, त्याच टाउनशिपमधल्या खाडीकाठच्या वस्त्यांत पुढे राज्याने ब्लू एकर्स योजनेखाली पूरग्रस्त घरं विकत घेऊन पाडली. जिथे घरं होती तिथे आता गवत आहे. दर शनिवारी ओक ट्री रोडला भाजी आणायला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे?

आता पैशांचं बघा. काँग्रेसने सुमारे ५० अब्ज डॉलर मंजूर केले ते जानेवारी २०१३ च्या अखेरीस. त्यातून राज्याने घर दुरुस्त करायला आणि उंच करायला दीड लाख डॉलरपर्यंत अनुदान देणारी योजना काढली, आरआरईएम नावाची. यादी, छाननी, कंत्राटदार, पुन्हा छाननी, यात लोकांची वर्षं गेली. त्या काळात लोक भाड्याच्या घराचं भाडं आणि पडक्या घराचा हप्ता दोन्ही भरत होते. ब्लँकेटं वाटणारे तेव्हा केव्हाच पुढच्या राज्यात गेलेले.

ती मधली वर्षं निभावायला मॉन्मथ, ओशन अशा काउंटींत दीर्घकालीन पुनर्वसन गट उभे राहिले. तिथलं एक टेबल असतं, 'अनमेट नीड्स'चं, म्हणजे न भागलेल्या गरजांचं. केस मॅनेजर नाव न घेता प्रकरण मांडतो: आजी-आजोबा, दोन नातवंडं, विम्याचे इतके मिळाले, फेमाचे इतके, बॉयलर आणि जिना बाकी. टेबलाभोवती बसलेले एकेक बोलतात. मेथडिस्ट म्हणतात, सामान आम्ही देतो. मेनोनाइट म्हणतात, जिना आमची माणसं करतील. लुथरन म्हणतात, बॉयलर आमच्याकडे लावा, आणि त्या माणसांची झोपायची सोय चर्चच्या हॉलमध्ये करतो. वीस मिनिटांत एक घर उभं राहतं, निदान कागदावर. आपण लग्नाचा हॉल ठरवतो तेव्हा साधारण असाच संवाद चालतो, फक्त इथे मानपान नसतो.

पण त्या टेबलावर आपलं प्रकरण मांडलं जायला ते कुणाला तरी माहीत असावं लागतं. म्हणून सहा महिन्यांनी बेल वाजते.

आयडा वादळाच्या वेळी तर पूर आपल्याच अंगणात आला. १ सप्टेंबर २०२१ ची संध्याकाळ. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पाऊस पडला, रॅरिटन नदी मॅनव्हिलमध्ये शिरली, पाण्याने वेढलेल्या घरांत गॅसगळतीने स्फोट झाले आणि अग्निशमनवाल्यांना जवळ जाता येईना. न्यू यॉर्क शहरात अकरा माणसं तळघरातल्या बिऱ्हाडांत बुडून गेली, बहुतेक क्वीन्समध्ये. मिडलसेक्स आणि सॉमरसेट या आपल्या दोन्ही काउंटी फेमाच्या मदतीसाठी जाहीर झालेल्या पहिल्या सहांत होत्या. दहा तारखेला गणपती होते. मखरं, थर्माकोल, गेल्या वर्षीच्या माळा, सगळं तळघरात. लोकांनी ते कचऱ्यात टाकलं, नवं मखर आणलं, आरतीला सगळे हसतमुख. भिजलेल्या भिंतीमागे बुरशी धरली होती, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

आमचा होमओनर्स इन्शुरन्स आहे. मग आम्हाला यांची काय गरज?

पॉलिसी काढून वाचा. साध्या होमओनर्स पॉलिसीत पूर धरलेला नसतो. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, बहुतेकांचा राष्ट्रीय पूर विमा योजनेतून असतो, आणि सहसा तो घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे वादळाची बातमी ऐकून काढलेल्या विम्याचा त्या वादळाला उपयोग नाही. त्या योजनेत घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख, तेही सामानाचा भाग वेगळा घेतला असेल तर.

आणि आपलं खरं दुखणं, तळघर. सरकारी पूर विम्यात तळघरातली घर गरम करणारी भट्टी, वॉटर हीटर, विजेचं पॅनेल, वॉशर-ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्या गोष्टी धरतात. गालिचा, सोफा, होम थिएटर, लाकडी फरशी, देवघर, पुस्तकं, पाहुण्यांची खोली, यांतलं काही नाही. हजारो डॉलर घालून फिनिश केलेल्या तळघराचे विम्यातून किती आले, हे ज्याला अनुभव आहे तो मान खाली घालून सांगतो. गाडी बुडाली असेल तर तिचं वेगळं: कारच्या पॉलिसीत कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतलं असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं.

ऑर्गनायझर विम्याचा सल्लागार नव्हे. पण गल्लीतल्या दहा घरांचा हा एकच प्रश्न आहे हे त्याच्या लक्षात आलं, तर तो लायब्ररीत एक संध्याकाळ ठरवून जाणकार माणूस आणून बसवतो.

आम्ही एच-वनवर आहोत. आम्हाला काही मिळतं का? ग्रीन कार्डवर परिणाम होईल का?

फेमाची रोख मदत अमेरिकी नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि निर्वासित, आश्रय मिळालेले अशा काही ठरावीक गटांना मिळते. एच-वन, एच-फोर, एफ-वन, एल-वन अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना स्वतःच्या नावावर नाही. बी-टूवर, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांनाही नाही. पण दोन गोष्टी आपल्या मंडळींना माहीतच नसतात.

पहिली, घरात इथे जन्मलेलं, सोशल सिक्युरिटी नंबर असलेलं अल्पवयीन मूल असेल, तर त्या मुलाच्या वतीने आई किंवा वडील अर्ज करू शकतात. अर्ज करणाऱ्याच्या स्वतःच्या व्हिसाची चौकशी त्यासाठी होत नाही. बाळाच्या नावाने सरकारी पैसे मागायचे, ही कल्पना आपल्याकडे घशाखाली उतरत नाही. ती उतरवा.

दुसरी, निवारा, अन्न, पाणी, औषधं अशी तातडीची बिनरोख मदत व्हिसा न विचारता सगळ्यांना असते. आणि चर्च किंवा संस्थांची मदत ही सरकारी नसल्यामुळे फेमाची पात्रता तिला लागूच होत नाही. एच-वनवाल्यांसाठी लुथरनांचं दार म्हणूनच जास्त महत्त्वाचं, कारण फेमाच्या रोख मदतीचं दार त्यांना स्वतःच्या नावावर बंद आहे.

ग्रीन कार्डबद्दल: डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या पब्लिक चार्जच्या (अर्जदार सरकारवर भार होईल का, हे ठरवणाऱ्या) नियमात आपत्ती-मदत अर्जदाराच्या विरोधात धरलेली नाही. मात्र इमिग्रेशनचे नियम हवेसारखे बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी स्वतःच्या वकिलाला एक मेल टाका. ऑर्गनायझरला हे विचारू नका. त्याला कायद्याचा सल्ला देता येत नाही आणि चांगला असेल तर तो देणारही नाही, कायदेशीर मदत केंद्राचा पत्ता देईल.

फेमाने नकार दिला. आता?

नकाराचं पत्र पूर्ण वाचा. पुष्कळदा कारण एवढंच असतं की विम्याच्या निर्णयाचा कागद जोडलेला नाही किंवा मालकीचा पुरावा अपुरा आहे. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. पूर्वी काही मदतीसाठी आधी एसबीएच्या, म्हणजे सरकारी लघुउद्योग खात्याच्या कर्जाचा अर्ज करावा लागे, आणि "आम्हाला कर्ज नकोय" म्हणून आपले लोक तिथेच थांबत. मार्च २०२४ पासून ती अट काढली आहे. इथून पुढे केस मॅनेजरचं काम सुरू होतं. ऑर्गनायझरला फक्त सांगा, की नकार आलाय.

बायबल देतील का? प्रार्थनेला बसवतील का?

नाही. नॅशनल व्होअ‍ॅडच्या सभासद संस्थांनी एकमताने मान्य केलेली तत्त्वं आहेत: आपत्तीत सापडलेल्या माणसाच्या अगतिकतेचा फायदा घेऊन धर्मप्रसार करायचा नाही, आणि मदत धर्म बघून द्यायची नाही. मी ज्या बैठकांना बसले तिथे सुरुवातीला कधी छोटी प्रार्थना होते, कधी नाही. आपण हात जोडून बसावं किंवा चहा ओतून घ्यावा, कुणी बघत नाही.

बैठक चर्चच्या हॉलमध्ये असते म्हणून आपले ज्येष्ठ येत नाहीत, ही अडचण खरी आहे. उपाय सोपा आहे, बैठक आपल्याकडे बोलवा. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरासारख्या ठिकाणाबद्दल किंवा मराठी शाळा भरते त्या इमारतीबद्दल विचारून बघा. ऑर्गनायझरला जागा कुणाची हे महत्त्वाचं नसतं. खुर्च्या किती आहेत ते तो विचारतो.

पैसे देतात की नाही, एकदाचं सांगा.

ऑर्गनायझर देत नाही. पुनर्वसन गट देतो तेव्हाही बहुधा तुमच्या हातात देत नाही; दुकानाला, प्लंबरला, घरमालकाला देतो. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून घेतले तर संघराज्याचा कायदा आड येतो, म्हणून विमा, फेमा, संस्था यांचा क्रम लावावा लागतो. खरी माहिती द्या. लपवलेला विमा पुढे बाहेर येतो आणि फेमा पैसे परत मागते.

विशिष्ट आपत्तीसाठी म्हणून लुथरन डिझास्टर रिस्पॉन्सला दिलेली देणगी पूर्णपणे त्याच कामाला वापरायची, असा त्यांचा जाहीर नियम आहे. आपल्या मंडळाच्या एका हिशेबनिसाने हे ऐकून "मग ऑफिसचा खर्च कुठून?" असं ताबडतोब विचारलं. चर्चच्या इतर निधीतून, हे उत्तर.

दारात आलेला माणूस खरा की भामटा, कसं ओळखायचं?

खरा माणूस पैसे मागत नाही, बँकेचा तपशील मागत नाही, सोशल सिक्युरिटी नंबर मागत नाही, घाईने कशावर सही घेत नाही. त्याचं कार्ड घ्या, दार लावा, सिनडच्या ऑफिसला स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करा. खऱ्या ऑर्गनायझरला याचा राग येत नाही. २११ या राज्याच्या मदतवाहिनीवरही विचारता येतं.

भामटे जास्त येतात ते कंत्राटदार म्हणून. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराची राज्याकडे नोंदणी लागते, तिचा क्रमांक १३व्हीएचने सुरू होतो. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारानेच करायचं, आणि करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. ट्रकच्या खिडकीतून "आज रोख दिलेत तर अर्ध्या किमतीत" म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका.

मंडळाला मदत करायचीय. कपडे गोळा करू का?

कृपा करून नको. आपत्तीच्या कामात जुन्या कपड्यांच्या ढिगाला दुसरी आपत्ती म्हणतात. निवडायला माणसं लागतात, ठेवायला जागा लागते आणि शेवटी टाकायला पैसे लागतात.

माणसं द्या, आणि त्यांची हजेरी लिहा. हे हजेरीचं प्रकरण कुणाला माहीत नसतं. जाहीर झालेल्या आपत्तीत सरकारी कामांच्या खर्चाचा साधारण तीन चतुर्थांश वाटा केंद्राचा आणि उरलेला राज्य-नगरपालिकेचा. त्या उरलेल्या वाट्यात स्वयंसेवकांचे पात्र कामाचे तास डॉलरमध्ये मोजून धरता येतात. म्हणजे आपल्या चाळीस पोरांनी एक रविवार चिखल उपसला, नाव, तास, काम, जागा लिहिली आणि नगरपालिकेकडे नोंद पोचली, तर गावाचे खरे पैसे वाचतात. नाही लिहिलं तर फेसबुकवर फोटो राहतात.

आणखी एक गोष्ट मंडळाकडेच आहे: कोण कुठे एकटं राहतं याची माहिती. नवरा भारतात गेलेला आणि बाई दोन मुलांसह, मुलाकडे आलेले आणि गाडी न चालवणारे आजी-आजोबा, नुकतीच नोकरी गेलेले. ती यादी नावानिशी कुणाला देऊ नका. त्या लोकांना विचारा आणि त्यांच्या संमतीने ऑर्गनायझरची गाठ घालून द्या.

मुलं घाबरलीत, पाऊस आला की रडतात. त्यावर काही?

लुथरनांचा कॅम्प नोआ नावाचा उपक्रम आहे. १९९७ च्या रेड रिव्हर पुरानंतर मिनेसोटाच्या लुथरन समाजसेवा संस्थेने सुरू केला. शाळकरी मुलांसाठी आठवडाभराचं दिवसाचं शिबिर, खेळ-चित्रं-गोष्टींतून पुराबद्दल बोलतं करणारं. नाव आणि गोष्ट नोहाच्या तारवाची आहे, हे पाठवायच्या आधी माहीत असू द्या. चालत नसेल तर शाळेच्या समुपदेशकाकडे जा. आपल्या भागात होणार आहे का, हे ऑर्गनायझरला विचारा. पुरेशा घरांनी मागितलं तर असं शिबिर भरवून घेता येतं.

महाराष्ट्रात असं कुणी केलंय का?

केलंय, आणि फार चांगलं केलंय. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे किल्लारी हादरली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम आला, तेव्हा सरकार आणि गावकरी यांच्यात दुवा कोण? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोगने लातूर-उस्मानाबादच्या गावागावांतल्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना संवाद सहायक म्हणत. कुणाचा हप्ता अडकला, कुणाच्या भिंतीत सिमेंट कमी पडलं, कुणाचं नाव यादीतून गळलं, हे त्या घरोघरी फिरून शोधत आणि अभियंत्यापुढे मांडत. हजारावर गावांत हे चाललं. लुथरन ऑर्गनायझर जे करतो ते तंतोतंत हेच, फक्त त्याच्याकडे होंडा सिव्हिक असते आणि त्या बायका एसटीने फिरत.

लुथरनांचं भारतातलं काम पूर्वेकडे जास्त. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी कूचबिहारमध्ये त्यांच्या जागतिक महासंघाने छावण्यांत काम सुरू केलं आणि त्यातून कोलकात्याची लुथरन वर्ल्ड सर्व्हिस इंडिया उभी राहिली.

ऑर्गनायझरला मराठी येतं का?

बहुधा नाही. स्पॅनिश येण्याची शक्यता जास्त. दुभाषी मागून घ्या आणि शक्यतो आपल्या मुलांना दुभाषी करू नका. बारा वर्षांच्या मुलाने आईच्या कर्जाचे आकडे भाषांतरित करायचे, हे बरं नाही.

ही नोकरी आपल्यातल्या कुणाला करता येईल?

पगारी असते, पण अनुदानावर चालते, त्यामुळे मुदतीची. संध्याकाळ आणि शनिवार-रविवार जातात. लुथरन असण्याची अट आहे का ते त्या त्या जाहिरातीत बघा. कामाचा परवाना मात्र लागतोच, आणि एच-वन दुसऱ्या कंपनीचा असेल तर ही नोकरी जमणार नाही. एच-फोरवर वर्क परमिट असलेल्या, सोसायटीच्या हळदीकुंकवाला साठ बायका जमवणाऱ्या दोन-तीन जणी माझ्या डोळ्यासमोर आहेत. त्यांना वाटतं, आपल्याला काही अनुभव नाही.

भेटायचं ठरवलं. सोबत काय ठेवू?

पहिल्या भेटीला काहीच नाही. वेळ ठेवा, आणि घरातल्या ज्या माणसाला शेजारपाजारची सगळी खबर असते त्याला समोर बसवा. पुढे केस मॅनेजरपर्यंत प्रकरण गेलं तर फेमाचा नोंदणी क्रमांक, विम्याचं निर्णयाचं पत्र, भाडेकरार किंवा घराचे कागद, नुकसानीचे फोटो (भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून मोजलेली असेल तर उत्तम) आणि डीह्युमिडिफायरपासून ब्लीचपर्यंतच्या सगळ्या पावत्या लागतील. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.